खप आणि कस

जत्रेत ज्या दुकानापुढे गर्दी असते, तिकडे नवख्या माणसाची पावले आपोआप वळतात. इतके लोक जमले आहेत, त्या अर्थी माल चांगलाच असला पाहिजे, असे त्याला वाटते. पुस्तकांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभा राहिलेला विद्यार्थी प्रथम कोणत्या पुस्तकाला हात घालतो? ज्याचा पुठ्ठा झिजला आहे, ज्याची पाने हाताळून हाताळून मऊ झाली आहेत आणि ज्यासाठी दहा जणांनी आधीच नावे नोंदविली आहेत, त्या पुस्तकाला! शेजारीच एखादी कादंबरी कोऱ्या करकरीत पानांनिशी उभी असते. तिच्याकडे त्याची नजरही जात नाही. जे सर्वांना आवडले ते उत्तम असणारच, असा त्याचा सरळ हिशेब असतो. काही जाणते लोक मात्र नेमके याच्या उलट बोलतात. जे सर्वांना आवडते ते हलकेच असले पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत असतो. या दोन मतांपैकी खरे कोणते? खूप खपणारी कादंबरी खरोखरच आपल्या कीर्तीला पात्र असते काय?

‘कादंबरी’ हा शब्दच या दृष्टीने मोठा गमतीचा आहे. सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ नावाची गद्यकथा संस्कृतात रचली. कादंबरी हे त्या कथेच्या नायिकेचे नाव. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ‘नॉव्हेल’च्या धर्तीवर मराठीत दीर्घ कथा लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या साऱ्या प्रकारालाच हे नाव मिळाले. एका पुस्तकाचे नाव सबंध साहित्यप्रकाराला मिळावे, याहून मोठी कीर्ती ती कोणती! तथापि बाणभट्टाची मूळ कथा वाचणारे आज फार थोडे आहेत. नाव सर्वांच्या तोंडी आणि पुस्तक मात्र थोड्यांच्या हाती, असेही होऊ शकते. कीर्ती आणि वाचन या दोन गोष्टी नेहमीच हातात हात घालून चालत नाहीत, हे यावरून ध्यानात येईल.

मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेतच लोकप्रियतेचा हा प्रश्न उभा राहिला. १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील ही पहिली कादंबरी मानली जाते. तिच्यात विधवांच्या दुःखाचे चित्र होते. परंतु कथेवर उपदेशाचा, त्यातही धर्मोपदेशाचा, भार फार होता. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. तिच्यात सद्गुणी नायिका होती, कपटी दुर्जन होते, संकटांमागून संकटे होती, आणि शेवटी सत्प्रवृत्तीचा विजय होता. वाचकांनी ‘मुक्तामाला’ डोक्यावर घेतली. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली आणि ही अद्भुताची वाट चांगलीच रुळली. विधवांचे खरे दुःख मागे पडले, आणि कल्पनेतले राजवाडे पुढे आले.

त्या काळच्या वाचकांना आज हसणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. छापलेली पुस्तके तेव्हा नवी होती आणि वाचता येणारी माणसेही थोडी होती. ज्या राजाराणीच्या गोष्टी आजीच्या मांडीवर ऐकल्या, त्याच सजून-धजून छापील पानांवर आल्या, तेव्हा त्यांचे स्वागत व्हावे यात नवल ते काय? तो आनंद खोटा नव्हता. फक्त तो पुस्तक मिटताच संपत असे. काही विचारवंतांना ही उणीव तेव्हाही जाणवली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांविषयी एक निबंध लिहिला आणि अशा कथांतील असंभाव्य गोष्टींवर टीका केली. म्हणजे, खपणाऱ्या कादंबऱ्या चांगल्या असतात काय, हा वाद मराठीत दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे.

या वादाला खरे उत्तर दिले ते एका कादंबरीकारानेच. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. नाव करमणुकीचे, पण त्यातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कथा वाचकाला रडविणारी होती. यमू नावाची मुलगी आपली हकीकत आपल्याच तोंडाने, साध्या घरगुती भाषेत सांगते. तिचे लहानपण, सासर, थोडेसे सुख, आणि मग अकाली आलेले वैधव्य व त्यामागून आलेली विटंबना, हे सारे ती सांगते. या कथेत राजवाडा नाही आणि जादूही नाही. तरीसुद्धा वाचकांनी या कथेला आपलेसे केले. कारण यमूच्या जागी त्यांना आपलीच बहीण, आपलीच आत्या दिसू लागली. ‘यमुनापर्यटन’ आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ या दोन्ही कादंबऱ्यांचा विषय जवळजवळ एकच. पण पहिलीत उपदेश बोलतो, तर दुसरीत माणूस बोलतो.

यातून पहिला धडा मिळतो तो असा. ज्या मराठी समाजाने ‘मुक्तामाला’ उचलून धरली, त्याच समाजाने एका पिढीनंतर आपट्यांची कादंबरीही उचलून धरली. लोकांची आवड हलकी असते, हे म्हणणे म्हणूनच पुरते खरे नाही. लोकांपुढे जे येते त्यातूनच ते निवडतात. अधिक चांगले आणि तितकेच रसाळ असे काही पुढे आले, तर त्याचेही ते स्वागत करतात. लोकांची रुची ही काही दगडावरची रेघ नव्हे. ती घडविता येते.

आता खप म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. १८९५ साली अमेरिकेत ‘बुकमन’ या मासिकाने निरनिराळ्या शहरांतील अधिक मागणी असलेल्या पुस्तकांच्या याद्या छापण्यास सुरुवात केली. तेव्हापासून ‘बेस्टसेलर’च्या याद्यांची प्रथा जगभर पसरली. परंतु अशी यादी मोजते काय? ठरावीक काळात किती प्रती विकल्या गेल्या, एवढेच ती मोजते. घेतलेले पुस्तक वाचले की नाही, अर्ध्यात टाकले की शेवटापर्यंत नेले, एकदा वाचले की चारदा, हे तिला कळत नाही. शिवाय खपाला पुस्तकाबाहेरचीही कारणे असतात. जाहिरात मोठी असेल, किंमत कमी असेल, पुस्तकावर चित्रपट निघाला असेल, एखादे पारितोषिक मिळाले असेल, तर खप वाढतो. आणि एकदा यादीत नाव आले की, केवळ यादीत आहे म्हणून आणखी लोक ते विकत घेतात. गर्दी पाहून गर्दी जमते, ती अशी. यास्तव खपाचा आकडा हा पुस्तक किती वेगाने घरोघर गेले याचा पुरावा होय. घरात गेल्यावर ते मनात शिरले की नाही, याचा पुरावा दुसरीकडेच शोधावा लागतो.

या फरकाची साक्ष देणारी दोन उदाहरणे इंग्रजी वाङ्मयात आहेत. इंग्लंडमध्ये मारी कोरेली नावाची एक लेखिका होऊन गेली. १८९५ साली तिची ‘द सॉरोज ऑफ सेटन’ ही कादंबरी निघाली. टीकाकार नेहमीच तिची टर उडवीत. म्हणून या पुस्तकाच्या प्रती परीक्षणासाठी कोणालाही पाठविलेल्या नाहीत, अशी सूचनाच त्यात छापली होती. परीक्षणावाचून तिचे काही अडले नाही. पुस्तक प्रचंड खपले, आणि कोरेली आपल्या काळातील सर्वांत लोकप्रिय लेखकांत गणली गेली. आज मात्र अभ्यासकांखेरीज तिचे नावही फारसे कोणाला ठाऊक नाही. याउलट अमेरिकेतील हर्मन मेल्व्हिल याची गोष्ट. त्याने १८५१ मध्ये ‘मोबी-डिक’ ही कादंबरी लिहिली. एका पांढऱ्या देवमाशाचा सूड घेण्यासाठी वेडा झालेल्या, एक पाय गमावलेल्या कप्तानाची ती कथा. लेखकाच्या हयातीत तिच्या चार हजार प्रतीही खपल्या नाहीत. मेल्व्हिलने पुढे न्यूयॉर्कच्या जकात खात्यात एकोणीस वर्षे नोकरी केली आणि १८९१ साली तो जवळजवळ विस्मृत अवस्थेत मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांनी वाचकांना या पुस्तकाची खरी ओळख पटली, आणि आज ते जगातील थोर कादंबऱ्यांत गणले जाते.

ही दोन उदाहरणे ऐकून कोणी घाईने असा निष्कर्ष काढील की, गाजते ते विसरले जाते आणि न खपणारे तेवढेच टिकते. हाही मोठा भ्रमच होय. न खपलेल्या पुस्तकांपैकी बहुतेक पुस्तके विसरली जाण्याच्याच योग्यतेची असतात. शिवाय गाजून टिकलेले पुस्तक मराठी मुलांच्या अगदी जवळचे आहे. ते म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’.

१९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात नाशिकच्या तुरुंगात असताना साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघतच आहेत. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. इतकी लोकप्रियता या पुस्तकाला कशाने लाभली? त्यात साहस नाही, रहस्य नाही, भव्य प्रसंगही नाहीत. कोकणातील एका गरीब घरातला एक मुलगा आणि त्याची आई यांच्या लहानसहान गोष्टी रात्रीमागून रात्री सांगितल्या आहेत, एवढेच. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला तिचे लुगडे धोंड्यावर पसरायला सांगतो. पायांना जपणाऱ्या या मुलाला ती माउली मनालाही तसेच जपण्याची आठवण करून देते. प्रसंग केवढासा, पण तो एकदा वाचलेल्या मुलाला पाय धुताना पुढे कित्येक वर्षे आठवतो. या पुस्तकात अश्रू फार आहेत, असा आक्षेप काही टीकाकारांनी घेतला आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. तरीही पिढ्या बदलल्या, खेडी बदलली, घरे बदलली आणि पुस्तक वाचले जात राहिले. जाहिरातीने पुस्तक एक वर्ष चालेल, पाच वर्षे चालेल. नव्वद वर्षे ते चालते तेव्हा त्याला त्याच्या अंगचेच काहीतरी बळ असले पाहिजे.

मग जी पुस्तके टिकत नाहीत, ती वाचूच नयेत काय? तसेही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांनी मराठी वाचकांना वेड लावले होते. त्यांनी हजाराहून अधिक छोट्या कादंबऱ्या लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांच्या नायकांची नावे मुलांच्या तोंडी असत. या पुस्तकांनी वाचकाला दोन घटका गुंगवून ठेवण्याचे वचन दिले आणि ते प्रामाणिकपणे पाळले. ज्यांच्या हाती एरवी पुस्तक आले नसते, अशा कितीतरी लोकांना त्यांनी वाचनाची गोडी लावली. हे कार्य लहान नव्हे. चण्याफुटाण्यांनी प्रवासातली भूक भागते. त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. फक्त रोजच्या जेवणाच्या जागी कोणी चणेफुटाणे वाढू लागला, तर तक्रार केली पाहिजे.

लोकप्रिय कादंबरीपासून खरा धोका संभवतो तो निराळाच. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, १७७२ साली, मरण पावलेल्या माधवराव पेशव्यांची ती कथा. तिला वाचकांचे उदंड प्रेम मिळाले आणि १९६४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. १९६७ मध्ये शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आली. कर्णाची कथा तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण अशी निरनिराळी पात्रे आपापल्या तोंडून सांगतात. या कादंबऱ्यांनी हजारो घरांत इतिहास आणि महाभारत यांविषयी जिव्हाळा उत्पन्न केला, यात शंका नाही. परंतु जे पुस्तक फार लोक वाचतात, त्यातील कल्पनाही हळूहळू सत्य मानली जाऊ लागते. माधवराव व रमाबाई यांचे एकान्तातले संवाद लेखकाच्या प्रतिभेने रचलेले आहेत. ते इतिहासाचे कागद नव्हेत. सावंतांचा कर्ण हा सावंतांनी पाहिलेला कर्ण आहे. व्यासांच्या महाभारतात द्यूतसभेत द्रौपदीचा अपमान करणाऱ्यांत कर्णही होता, हे विसरून चालत नाही. यात दोष कादंबरीकाराचा नाही. कल्पना करणे हे त्याचे कामच आहे. कल्पना कोणती आणि घडलेली गोष्ट कोणती, हे विचारणे हे वाचकाचे काम आहे. पुस्तक जितके लोकप्रिय, तितके हे काम अधिक अगत्याचे.

सराफ सोने पारखताना ते किती जणांनी मागितले हे विचारीत नाही. तो ते कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. कादंबरीसाठी अशी कसोटी आहे काय? आहे, आणि ती कोणत्याही मुलाला वापरता येईल अशी आहे. ती म्हणजे दुसरे वाचन. पहिल्या वाचनात पुढे काय झाले हे जाणण्याची उत्सुकता वाचकाला ओढून नेते. दुसऱ्या वाचनाच्या वेळी ही उत्सुकता संपलेली असते. चोर कोण हे ठाऊक असते, नायिका सुटणार हे ठाऊक असते. तरीही पुस्तक हातातून सोडवत नसेल, पहिल्यांदा न दिसलेले काही दिसत असेल, एखाद्या पात्राचा राग यायचा त्याची आता कणव येत असेल, तर त्या पुस्तकात कस आहे असे समजावे. आणि दहाव्या पानावरच कंटाळा आला, तर त्याचे काम पहिल्या वाचनातच संपले असे समजावे. यमूची हकीकत या कसोटीला उतरते. तिचे पुढे काय होणार हे माहीत असलेला वाचक तिच्या सुखाची पाने वाचताना पहिल्याहूनही अधिक हळहळतो.

ही कसोटी लावताना दुसऱ्याचे मत ऐकण्यास हरकत नाही. शिक्षक, ग्रंथपाल, टीकाकार यांचे मत जरूर ऐकावे. लोकांची आवडही विचारात घ्यावी, कारण हजारो लोकांना जे भावले त्यात निदान डोकावून पाहण्याजोगे काहीतरी असतेच. परंतु जाणतेही चुकतात; मेल्व्हिलच्या काळच्या कित्येक टीकाकारांनाही ‘मोबी-डिक’चे मोल कळले नव्हते. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण वाचनालाही लागू पडते. मात्र मनाचे करण्यापूर्वी मनाने स्वतः वाचलेले असले पाहिजे. न वाचताच ‘वा!’ म्हणणारा आणि न वाचताच ‘छी!’ म्हणणारा, हे दोघेही सारखेच आळशी होत.

या गोष्टीला महत्त्व का द्यावयाचे? कारण कोणते पुस्तक जगेल आणि कोणते नाहीसे होईल, हे शेवटी वाचकच ठरवितात. प्रकाशक ज्याला मागणी आहे त्याचीच पुढची आवृत्ती काढतो. ग्रंथालयही वाचकांची मागणी पाहूनच पुस्तके घेते. सर्वांनी एकाच यादीमागे धावायचे ठरविले, तर कपाटातील ती कोरी करकरीत कादंबरी कितीही चांगली असली तरी एक दिवस कोणाच्या नकळत नाहीशी होईल. उलट एका विद्यार्थ्याने ती उघडली, त्याला ती आवडली आणि त्याने ती मित्राच्या हाती दिली, तर तिला नवे आयुष्य लाभेल. ‘मोबी-डिक’ला दुसरा जन्म मिळाला तो अशाच थोड्या जागरूक वाचकांमुळे.

तेव्हा ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या त्या विद्यार्थ्याने झिजलेल्या पुठ्ठ्याचे पुस्तक खुशाल घ्यावे. इतक्या हातांनी ते का हाताळले, हे स्वतः वाचून पाहावे, आणि ते आवडले तर मोकळ्या मनाने आवडले म्हणावे. पण पुढच्या खेपेला त्याने शेजारच्या कोऱ्या पुस्तकाचीही चार पाने उलटून पाहावीत. खप ग्रंथालयाच्या नोंदवहीत दिसतो. कस पाहावयाचा तर पुस्तक उघडावेच लागते.